वसंतातलं भूतान: नागपुरातून बेत आखताना

भूतानचा बेत बहुतेक घरांत उलट्या टोकाने सुरू होतो. आधी ठिकाणांची यादी, मग हॉटेलं, आणि तारखा शेवटी, रजा मिळेल तशा. आमचं मत उलट आहे. आधी तारखा ठरवा, आणि लगेच पाठोपाठ हे ठरवा की कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं. या दोन गोष्टी जमल्या की बाकी सहल जुळवायला एक संध्याकाळ पुरते. त्या फसल्या तर महागडं हॉटेलही काही वाचवू शकत नाही.

तिकडचा वसंत म्हणजे मार्च ते मे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात थिंफू-पारोला रात्री कडाक्याची थंडी असते. एप्रिलमध्ये थिंफूला दिवसा २० अंशांच्या आसपास आणि रात्री ७-८ असं हवामान असतं. पुनाखा बरंच खाली असल्यामुळे तिथे दुपारी साधा सुती सदरा पुरतो. मेच्या उत्तरार्धात ढग दाटायला लागतात, जूनपासून पावसाळा. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून "मे महिन्यात गर्दी असते, जूनमध्ये जाऊ" असा विचार आपल्याकडे हमखास होतो. तो सोडा. भूतानच्या सीमेवरचं गाव फुंत्शोलिंग ते थिंफू हा रस्ता पूर्ण डोंगर कापून काढलेला आहे, पावसात दरडी येतात, आणि गाडी तासन्‌तास एका जागी उभी राहते. सीबीएसईची मुलं असतील तर मार्चअखेरची फट बघा, स्टेट बोर्डाची असतील तर परीक्षा संपताच निघा आणि शक्यतो १५ मेच्या आत परत या.

पारोचा त्सेचू, म्हणजे मुखवट्यांच्या नृत्यांचा पाच दिवसांचा उत्सव, याच मोसमात येतो. तो तिथल्या दुसऱ्या चांद्रमासातल्या १० किंवा ११ तिथीच्या सुमारास सुरू होऊन पौर्णिमेला संपतो. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, पण आपल्या पंचांगावरून अंदाज बांधता येतो: बऱ्याच वर्षी शेवटचा दिवस चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला पडतो. दोन्हीकडचे अधिक महिने एकाच वेळी येत नाहीत, त्यामुळे काही वर्षी तो होळी पौर्णिमेला सरकतो. २०२४ मध्ये तो २५ मार्चला होता, २०२५ मध्ये १२ एप्रिलला. शेवटच्या पहाटे थोंगड्रेल नावाचं, इमारतीच्या भिंतीएवढं कापडी चित्र उलगडतात आणि ऊन त्यावर पडण्याआधी गुंडाळून ठेवतात. ते पाहायचं तर पहाटे तीन-चारला उठून रांगेत लागावं लागतं. उशिरा पोचलेल्यांना फक्त नृत्यं दिसतात. त्सेचूच्या आठवड्यात पारोची हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात आणि दरही चढतात. नुसते मठ निवांत पाहायचे असतील तर उत्सव टाळून त्यानंतरचा आठवडा धरा.

फुलांचंही उंचीप्रमाणे वेळापत्रक आहे. दोचुला खिंडीजवळ (३,१०० मीटर) लाल ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे उत्तराखंडातला बुरांश, मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. चेलेला खिंडीवर (जवळपास ४,००० मीटर) तोच बहर मे महिन्यात येतो. पुनाखाच्या झोंगला, म्हणजे किल्लेवजा मठाला, लागून असलेले जॅकरांडा एप्रिलअखेर ते मे जांभळे होतात. फोबजिखाच्या दरीतले काळ्या मानेचे क्रौंच मात्र मार्चपर्यंत तिबेटकडे परतलेले असतात. एप्रिलमध्ये "क्रौंच दाखवू" म्हणून त्या दरीचा मुक्काम कोणी गळ्यात मारत असेल तर विचारा, कुठले दाखवणार?

कागदपत्रं

भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. ओळखीसाठी दोनच गोष्टी चालतात: किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, नाहीतर मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही, पॅन नाही, ड्रायव्हिंग लायसन्स नाही. मतदार कार्ड मूळच न्या, मोबाइलमधला फोटो काउंटरवर कामाचा नाही. १८ वर्षांखालच्या मुलांचा जन्मदाखला सोबत हवा, पासपोर्ट असेल तर उत्तमच.

खरी अडचण नावांची. आपल्याकडे मतदार कार्डावर आडनाव आधी किंवा नंतर, मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं तिकीट एका आडनावाने, कार्ड दुसऱ्या आडनावाने आणि हॉटेलचं बुकिंग घरच्या लाडक्या नावाने, हे नेहमी घडतं. परवान्याचा अर्ज, तिकीट आणि हॉटेल तिन्हीकडे कार्डावर जसं आहे तसंच नाव टाका, स्पेलिंगसकट. कार्डावरच चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज निदान तीन महिने आधी करा, नाहीतर पासपोर्टच काढून घ्या.

अर्ज ऑनलाइन करता येतो: ओळखपत्राची स्कॅन प्रत, फोटो, प्रवासाचा दिवसवार आराखडा आणि हॉटेलचं बुकिंग. सोबत शाश्वत विकास शुल्क भरायचं, ज्याला सगळे एसडीएफ म्हणतात. भारतीयांसाठी ते माणशी एका रात्रीला १,२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, ६ वर्षांखाली माफ. दोन मोठी माणसं, एक दहा वर्षांचं आणि एक चार वर्षांचं मूल असं कुटुंब ६ रात्री राहिलं तर १४,४०० अधिक ३,६००, म्हणजे १८,००० रुपये नुसतं शुल्क. त्यात हॉटेल नाही, गाडी नाही, मठांची तिकिटंही नाहीत. टूर कंपनीचं कोटेशन हातात आलं की पहिला प्रश्न हाच: यात एसडीएफ धरलंय का?

स्वतःची गाडी नेण्याचा मोह अनेकांना होतो. भारतीय नंबरच्या गाडीला फुंत्शोलिंगच्या पुढे रोज ४,५०० रुपये वेगळे भरावे लागतात. सहा दिवसांचे २७,००० झाले. त्यापेक्षा फुंत्शोलिंगहून भूतानी टॅक्सी घ्या, नंबरप्लेटवर 'बीटी' असतं. चालकाला त्या वळणांची सवय असते, हे वेगळंच. थिंफू आणि पारोच्या पुढे जायचं तर परवानाधारक गाइड लागतो, आणि वाटेत होंगत्शोसारख्या नाक्यावर कागद तपासतात. गाइडचा खर्च टाळण्याजोगा वाटतो, पण अंधाऱ्या देवळातल्या मूर्तींपैकी कोण कोण आहे हे सांगणारा माणूस नसेल तर तिसऱ्या मठानंतर सगळे सारखेच दिसायला लागतात.

नागपुरातून कसं जायचं

रेल्वेचा सरळ मार्ग असा: गीतांजलीने संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, तिथून टॅक्सीने सियालदह, रात्री कांचनकन्या एक्सप्रेस, आणि तिसऱ्या दिवशी हासिमारा. हासिमाराहून सीमेवरचं जयगाव १८ किलोमीटरच्या आसपास, पलीकडे लगेच फुंत्शोलिंग. हावडा-सियालदह अंतर फार नाही, पण मधल्या पुलावरची आणि बडाबाजारची गर्दी लक्षात घ्या. गीतांजली चार तास उशिरा आली तरी गाडी मिळेल एवढी सवड या जोडणीत साधारण असते, म्हणून ती चांगली. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं. कांचनकन्या ही उत्तर बंगालातल्या डुअर्सला जाणाऱ्या बंगाली पर्यटकांचीही गाडी आहे, सुट्ट्यांत पहिल्याच दिवशी वेटिंग लागतं. ती आधी काढा, मग गीतांजली. आपल्याकडे लोक नेमकं उलट करतात.

विमानाने जायचं तर कोलकाता किंवा दिल्लीहून पारो. पारोचं विमानतळ अरुंद दरीत, २,२०० मीटरहून उंचावर आहे. विमानं दिवसाउजेडी आणि डोळ्यांनी डोंगर बघतच उतरवावी लागतात. वसंतात दुपारनंतर दरीत जोराचा वारा सुटतो, त्यामुळे उड्डाणं बहुतेक सकाळची, आणि हवा बिघडली की लांबतात किंवा रद्दच होतात. म्हणून परतीला पारोहून कोलकाता आणि त्याच संध्याकाळी नागपूर, असं एकाच दिवशी बांधू नका. मध्ये एक रात्र ठेवा. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मागा, हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट आणि कांचनजंगा दोन्ही त्याच बाजूला.

आमचा कल असा: जाताना रस्त्याने, येताना जमल्यास विमानाने. कारण उंचीचं.

उंचीचा हिशेब

नागपूर ३१० मीटरवर, फुंत्शोलिंगही जवळपास तेवढंच. तिथून गेडूच्या धुक्यातून वर चढत ५-६ तासांत थिंफूला २,३०० मीटरच्या आसपास पोचता. बहुतेकांना एवढ्याने काही होत नाही, पण पहिल्या रात्री डोकं जड होणं आणि झोप उडणं सर्रास होतं. वळणांनी पोट ढवळणाऱ्यांनी गोळी जयगावलाच घ्यावी, पोट ढवळायला लागल्यावर नाही. पहिल्या संध्याकाळी पाणी भरपूर, जेवण हलकं, दारू नको.

दुसरा दिवस थिंफूतच. तिसऱ्या दिवशी दोचुला ओलांडून पुनाखाला उतरा. खिंडीत १०८ चोर्तेन, म्हणजे स्तूप आहेत, तिथे अर्धा तास पुरे, आणि मग थेट १,२०० मीटरवर. म्हणजे शरीराने ३,१०० मीटर चाखले, पण झोप खाली झाली. पुनाखाला दोन रात्री, मग पारोला तीन. तक्त्सांग या कड्यावरच्या मठाची चढाई सगळ्यात शेवटी. पॅकेजवाले कधीकधी पारोने सुरुवात करून दुसऱ्याच दिवशी तक्त्सांग चढवतात, कारण त्यांच्या गाडीच्या फेऱ्यांना ते सोयीचं असतं. ४४ अंशांतून निघालेला, दोन रात्री रेल्वेत काढलेला माणूस दुसऱ्याच दिवशी ३,१०० मीटरवर चढायला लागला की अर्ध्या वाटेतल्या कॅफेटेरियात बसतो आणि तिथूनच फोटो काढून परततो. क्रम उलटवून मागा, देतात.

बुमथांग इतक्यात घुसडू नका. तिथे जांबे ल्हाखांगसारखी सातव्या शतकाशी जोडलेली देवळं आहेत, जागा फार सुंदर आहे, पण थिंफूहून रस्त्याने पूर्ण दिवस जातो. नऊ-दहा रात्री हाताशी असतील तरच.

पुनाखा आणि थिंफू

थिंफूवर फार लिहीत नाही. ताशिछो झोंग कामाच्या दिवशी कार्यालयं सुटल्यावर, साधारण पाचनंतर पाहुण्यांना उघडतो, हे धरून दिवस आखा. उत्तरेला चेरी मठ आहे, १६२० मध्ये भूतान एकसंध करणारे धर्मगुरू झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी स्थापलेला. गाडीतळापासून तासाभराची चढण आहे. तक्त्सांगची रंगीत तालीम म्हणून दुसऱ्या दिवशी हीच करा. इथे दम किती लागतो त्यावरून पुढचा अंदाज येतो.

पुनाखाचा झोंग १६३७-३८ चा, त्याच झाबद्रुंगांनी बांधलेला, फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर. डाव्या-उजव्या दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा दिसतो. पहिले राजे उग्येन वांगचुक यांचा राज्याभिषेक १७ डिसेंबर १९०७ रोजी इथेच झाला. झोंग म्हणजे किल्ला, कचेरी आणि मठ एकाच तटात: पहिल्या अंगणाभोवती सरकारी कामकाज, मधला उत्से नावाचा बुरूज, आणि आतल्या अंगणाकडे भिक्षू. मुख्य भिक्षुसंघ हिवाळा इथे काढतो आणि उन्हाळ्याकडे थिंफूला परततो. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर संघ इथेच असण्याची शक्यता जास्त. आत जायला लाकडी पूल आणि मग उभ्या, अरुंद लाकडी पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना तिथे हात धरायला माणूस लागतो, हे आधीच ठरवा. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी वर लुग्गे हे हिमसरोवर फुटून आलेल्या पुरात झोंगचं नुकसान झालं होतं. नदीकाठचे बांध पाहताना ते लक्षात ठेवा.

तक्त्सांग

कड्याला चिकटलेला, फोटोत सगळ्यांनी पाहिलेला मठ हाच. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव इथल्या गुहेत ध्यानाला बसले असं मानतात. आजच्या देवळांची मूळ बांधणी १६९२ ची. १९ एप्रिल १९९८ च्या आगीत मुख्य इमारत गेली, आणि फेरबांधणी २००५ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे लाकूडकाम नवं, गुहा जुनी.

पारो गावातून गाडीतळ अर्ध्या तासाच्या आत. प्रवेशाचं तिकीट तिथेच खाली काढायचं, वर मिळत नाही. तिकीट विसरून चढलेली माणसं कड्यासमोरून परत फिरतात. सुरुवात सुमारे २,६०० मीटरवर. सकाळी साडेसातच्या आत पाय उचला: ऊन कमी, घोडे कमी, आणि दुपारी एक ते दोन मठ जेवणासाठी बंद असतो, त्याआधी आत पोचता येतं.

पहिला टप्पा पाइन आणि ओकच्या झाडीतून कॅफेटेरियापर्यंत, तास ते दीड तास. घोडा घेतला तरी तो या भागापर्यंतच, आणि उतरताना घोडा मिळत नाही. वसंतात वाट कोरडी असेल तर घोड्यांच्या टापांनी पिठासारखी धूळ झालेली असते. सपाट तळाचे स्पोर्ट्‌स शूज त्यावर सरकतात, उतरताना जास्त. खोल खाचांचे बूट हवेत, आणि ते नवेकोरे नकोत. काठी खाली भाड्याने मिळते, घ्याच.

दुसरा टप्पा कॅफेटेरियापासून समोरच्या कड्यापर्यंत, जवळपास तासभर. इथे मठ हाताच्या अंतरावर दिसतो, आणि अनेकांना वाटतं, पोचलो. मध्ये दरी आहे. काही शे पायऱ्या उतरून धबधब्याजवळच्या पुलावर यायचं, तिथून परत चढायचं. कठड्याच्या बाजूने भोवळ येणाऱ्यांनी भिंतीकडून चालावं. परतताना याच पायऱ्या उलट चढाव्या लागतात, म्हणून थोडी ताकद राखून ठेवा. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, एवढाच वेग. बोलणं तुटायला लागलं की थांबा. जाऊन-येऊन आणि आत पाऊण तास धरून ५ ते ६ तास. माणशी दीड-दोन लिटर पाणी, चिक्की, आणि एक विंडचीटर.

दारात बॅग, मोबाइल, कॅमेरा सगळं जमा करायचं. आत पायमोज्यांवर थंडगार लाकडी फळ्या, म्हणून जाड मोजे खिशात ठेवा.

सराव मार्चमध्ये घरीच. नागपूर सपाट, त्यामुळे अंबाझरीला कितीही चकरा मारल्या तरी मांड्यांना उतरण कळत नाही. रविवारी उजाडताच रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्या थांबा न घेता दोनदा चढा-उतरा. एरवी इमारतीचा जिना आहेच. रक्तदाब, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना "३,१०० मीटरवर चढणार आहे" असं नेमकं सांगा. "भूतानला चाललोय" एवढ्याने त्यांना काही कळत नाही.

मठात वावरताना

दीक्षाभूमीच्या शहरातून जाणाऱ्यांना बुद्ध नवा नाही, पण तिथला पंथ वज्रयान आहे. वेदीवर बुद्धाच्या शेजारी, कधी त्याहून ठळक जागी, मिशा असलेले गुरू पद्मसंभव दिसतात. दाढीवाले झाबद्रुंग असतात. उग्र रूपातल्या रक्षकदेवता असतात. दचकायला होतं, म्हणून थोडं वाचून जा. ज्यांना आधी पाहायचं आहे त्यांच्यासाठी गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंगची तिबेटी वसाहत आहे. ती तिबेटी परंपरा आहे, भूतानी नव्हे, पण वेदीची मांडणी ओळखीची होते.

कपडे: पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, झोंगमध्ये टोपी आणि छत्री नाही. प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवी घालून. अंगणात फोटो चालतात, देवळाच्या आत नाही. भिक्षू मोरपीस खोचलेल्या कलशातून केशरी पाणी हातावर घालतात. ओंजळीतलं थोडं प्यायचं, उरलेलं डोक्याला लावायचं. वेदीपुढे ठेवायला पाच-दहाच्या नोटा सुट्ट्या ठेवा. आणि राजेहो, खर्रा घरी ठेवा. तंबाखूच्या बाबतीत तिथले नियम कडक आहेत. सुपारीची हौस असेल तर पान-चुन्याचा डोमा तिथे सगळेच चघळतात.

एमा दात्शी ही मुख्य भाजी, मिरची आणि चीजची. सावजी पचवणाऱ्यालाही ती दणका देते, कारण सावजीत तिखट मसाल्यात असतं आणि इथे मिरची हीच भाजी. मुलांसाठी केवा दात्शी मागा, बटाट्याची. शाकाहारींची उपासमार होत नाही.

गरम कपडे एप्रिलमध्ये नागपुरात शोधलेत तर दुकानदार हसतील. हिवाळ्यात स्वेटरचे स्टॉल लागतात तेव्हाच घेऊन ठेवा: थर्मल, एक मध्यम जाकीट, कानटोपी. पिसांचं जाड जाकीट नको, पुनाखात ते ओझं होतं.

पैसे

न्गुल्त्रुम आणि रुपया एकास एक, आणि आपल्या नोटा बहुतेक ठिकाणी घेतात. शंभराच्या जास्त न्या. यूपीआयची सोय तिथे २०२१ पासून आहे, पण गावाकडच्या दुकानात आणि मठात रोखच हवी. घड्याळ अर्धा तास पुढे. सीमेवरच्या काउंटरची वेळ भूतानी घड्याळाने चालते, यात बरेच जण फसतात.

परतीला पारोहून थिंफूला जाऊ नका. छुझोमच्या संगमावरूनच रस्ता फुंत्शोलिंगकडे वळतो. हासिमाराहून कोलकात्याची गाडी दुपारनंतरची असली तरी त्याच सकाळी पारोहून निघून ती पकडण्याचा जुगार खेळू नका, आदल्या रात्री सीमेवर या. उरलेले न्गुल्त्रुम फुंत्शोलिंगलाच खर्चा किंवा बदला, जयगावच्या पुढे ते कोणी घेत नाही. आणि बाहेर पडताना परवान्यावर निघाल्याची नोंद करून घ्या. सीमा चालत ओलांडता येते, त्यामुळे सामान आणि मुलं सांभाळण्याच्या नादात नेमकी तीच राहून जाते.